थोड्या जागेंत पुष्कळ सायकली

शाळेची पहिली घंटा होण्याच्या सुमारास फाटकापाशीं पांच मिनिटें उभें राहिलें, तर आपल्या मुलांचें सायकलींशीं वर्तन कसें असतें तें चांगलें दिसून येतें. प्रार्थनेला उशीर होईल या धास्तीनें एक विद्यार्थी आपली सायकल भिंतीला टेकवितो, दुसरा आपली सायकल त्याच्या सायकलीला टेकवितो, तिसरा दुसऱ्याच्या, आणि पाहतां पाहतां तेथें कडब्याची गंजी रचावी तशी सायकलींची गंजी तयार होते. संध्याकाळीं ज्याची सायकल अगदीं तळाशीं असते त्यालाच नेमकी घरीं जाण्याची घाई असते. तो हँडल धरून जोरानें ओढूं लागतो. त्याचें पायडल शेजारच्या चाकाच्या स्पोकांत अडकलेलें, शेजारच्या ब्रेकची तार त्याच्या कॅरिअरला गुंतलेली. मग दोन शब्द इकडून, चार शब्द तिकडून, आणि शेवटीं एका मडगार्डाला पोचा व एका हाताला ओरखडा घेऊन मंडळी आपापल्या घरीं जाते.

हाच प्रकार घरींहि चालतो. आज एका घरांत चार-पांच सायकली असणें ही कांहीं श्रीमंतीची खूण राहिलेली नाहीं. वडील एका सायकलीवर कामास जातात, मुलें दुसऱ्या दोहोंवर शाळेस येतात, आणि एखादी लहान सायकल धाकट्यासाठीं असते. महाराष्ट्र शासनाच्या मानव विकास कार्यक्रमांतून निवडक तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींस सायकलीसाठीं साहाय्य मिळूं लागल्यापासून वाडीवस्तीवरच्या घरांतहि मुलीची स्वतःची सायकल आली आहे. भांडें पोचलें तरी त्यांत भात शिजतो. परंतु चाक वांकलें कीं दोन-तीन मैलांवरून येणारी मुलगी त्या दिवशीं शाळेस मुकते, आणि दुरुस्तीचे पैसे जमेपर्यंत कदाचित् आठवडाभर मुकते. म्हणून सायकली कशा ठेवाव्या याचा विचार आम्हीं येथें थोडा विस्तारानें करण्याचें योजिलें आहे.

प्रथम आमचीच चूक सांगतों. आमच्या घरासमोरील पडवी ८ फूट लांब व ७ फूट रुंद आहे. तींत पांच सायकली ठेवावयाच्या असत. आम्ही त्या रोज रात्रीं एकीवर एक रेलून ठेवीत असूं, आणि एवढ्याशा जागेंत आणखी काय करणार, असें म्हणून समाधान मानीत असूं. परतीच्या पावसाचे दिवस होते. सहामाही परीक्षेच्या आदल्या रात्रीं वळचणीवरून एका मांजरानें त्या ढिगावर उडी टाकली आणि सर्व रांग कोसळली. सकाळीं पाहतों तों सर्वांत खालीं आमच्या मुलीची सायकल, आणि तिच्या पुढच्या चाकाची रिम पार आउट झालेली. बाकीच्या चार सायकली एकमेकींत इतक्या गुंतल्या होत्या कीं त्यांतील एक मोकळी करण्यास पाऊण तास गेला. मुलगी पेपराला वीस मिनिटें उशिरां पोंचली. तिनें आम्हांस कांहीं बोलून दाखविलें नाहीं. त्या दिवशीं संध्याकाळीं आम्ही मोजपट्टी व खडू घेऊन पडवींत बसलों. मांजराला मात्र कोठें खरचटलेंहि नव्हतें.

मोजूं लागलों तेव्हां एक गोष्ट ध्यानांत आली, आणि या लेखांत सांगण्यासारखें जें कांहीं आहे तें बहुतेक तीवरच उभें आहे. मोठ्या माणसाच्या २८ इंची चाकांच्या साध्या सायकलीची लांबी सुमारें ६ फूट, हँडलापर्यंतची उंची सुमारें साडेतीन फूट आणि वजन १८ ते २० किलो असतें. रुंदीची गोष्ट मोठी चमत्कारिक आहे. हँडल सुमारें २४ इंच रुंद. दोन्ही पायडलें धरून मधला भाग १४ इंच. मागचें कॅरिअर ५-६ इंच. आणि टायर तर दीड इंचच. म्हणजे सायकल ही एका टोंकाला पसरट आणि बाकी सर्व अंगानें सडपातळ अशी वस्तु आहे. शिंगें पसरलेल्या खिलारी बैलाची आठवण व्हावी! गोठ्यांत दोन बैल शेजारीं बांधतांना शेतकरी त्यांच्या पोटांचें अंतर पाहात नाहीं, शिंगांचें पाहतो. सायकलींच्या बाबतींतहि जागा खाणारें असें काय तें हँडल. दोन हँडलें एकमेकांसमोर येऊं दिलीं नाहींत, म्हणजे निम्मा प्रश्न सुटतो.

आतां थोडें गणित करूं. पांच सायकली भिंतीशीं काटकोनांत एकाच दिशेला तोंडें करून उभ्या केल्या, तर पांचहि हँडलें एका ओळींत येतात. ५ × २४ म्हणजे १२० इंच, अर्थात् १० फूट जागा हवी, आणि तींत बोट शिरण्यासहि फट उरत नाहीं. आमची पडवी ८ फुटांची. परंतु एका सायकलीच्या हँडलाशेजारीं दुसरीचें कॅरिअर आणलें, तर अर्ध्या हँडलाचे १२ इंच, अर्ध्या कॅरिअरचे ३ इंच, आणि हात फिरण्यास ३ इंच, मिळून १८ इंच पुरतात. पायडलांचे १४ इंच त्यांत सहज मावतात. पांच सायकलींमध्यें चार अंतरें; ४ × १८ = ७२; दोन्ही टोंकांचीं अर्धीं हँडलें मिळून २४; एकूण ९६ इंच, म्हणजे बरोबर ८ फूट. त्याच पडवींत, त्याच पांच सायकली, आणि एकीचा दुसरीला स्पर्श नाहीं. हा हिशेब पाटीवर मांडून झाल्यावर, आपण इतकीं वर्षें काय करीत होतों, असें आम्हांस वाटलें.

या पद्धतीला खर्च म्हणाल तर खडूच्या एका कांडीचा. जमिनीवर १८-१८ इंचांवर भिंतीपासून सरळ रेघा काढाव्या. पहिल्या, तिसऱ्या व पांचव्या रेघेवरील सायकलीचें तोंड भिंतीकडे, दुसऱ्या व चौथ्या रेघेवरील सायकलीची पाठ भिंतीकडे. पहिलीं तीन ओढून मागें घ्यावयाचीं, दुसरीं दोन तशींच पुढें काढावयाचीं. कोणालाहि दुसऱ्याची सायकल हलवावी लागत नाहीं. आठ दिवसांत रेघा पुसून जातील, पण तोंवर संवय लागलेली असेल. न लागल्यास चुन्याच्या रेघा माराव्या. शाळेच्या सायकलखान्यांत हाच नियम प्रत्येक वर्गानें आपल्यापुरता पाळला, तर आजच्या जागेंत दीडपट सायकली राहतील असा आमचा अंदाज आहे, आणि तो ज्या विद्यार्थ्यांस खोटा वाटत असेल त्यांनीं मोजपट्टी घेऊन यावें.

मात्र यासाठीं प्रत्येक सायकल आपल्या पायांवर उभी राहिली पाहिजे. मागचें चाक उचलून धरणारा जुन्या पद्धतीचा स्टँड यास उत्तम. एका बाजूचा तिरपा स्टँड असेल तर सायकल कलते व थोडी अधिक जागा घेते. शिवाय शेणानें सारवलेल्या किंवा मुरमाच्या जमिनींत त्याचें टोंक हळूहळू रुतत जातें आणि सायकल मध्यरात्रीं केव्हां तरी आडवी होते. त्या टोंकाखालीं शहाबादी फरशीचा तळहाताएवढा तुकडा ठेवावा. स्टँडच मोडला असेल, आणि मुलांच्या निम्म्या सायकलींचा तो मोडलेलाच असतो, तर चाक धरून ठेवणारी कांहीं तरी रचना करावी लागते.

अशी रचना म्हणजे चाकाची खांच. पुष्कळ ठिकाणीं लोखंडी नळ्या वांकवून केलेल्या बुटक्या खांचा आपण पाहतों. पुढच्या चाकाचा खालचा वीतभर भाग त्यांत शिरतो व सायकल उभी राहते. आमचें मत त्यांविषयीं चांगलें नाहीं, आणि तें अनुभवानें बनलेलें आहे. कारण आमची पहिली लांकडी खांचहि आम्हीं अशीच आठ इंच उंचीची केली होती. चाक खालीं घट्ट धरलेलें आणि वर साडेतीन फुटांचें धूड मोकळें. वरून कोणी थोडा धक्का दिला तरी सर्व भार त्या आठ इंचांवर येऊन रिम पिळवटते. ज्यांनीं शास्त्राच्या तासाला तरफेचा नियम शिकला आहे त्यांस हें निराळें सांगावयास नको. खांच अशी असावी कीं तींत चाक मध्यावरील आंसाच्याहि वर धरलें जाईल. २८ इंची सायकलीचें चाक टायरसकट तितकेंच, म्हणजे सुमारें २८ इंच उंच भरतें. म्हणून खांचेच्या रिपा निदान २० ते २४ इंच उंच घ्याव्या.

करण्याची रीत सोपी आहे. दोन इंच रुंद व एक इंच जाड अशा जुन्या रिपा कोठल्याहि लांकडाच्या वखारींत किंवा पडक्या घराच्या सामानांत मिळतात. एक आडवी रीप जमिनीवर, दुसरी तिच्या बरोबर वर २२ इंचांवर, अशा दोन खांबांना ठोकाव्या. आणि त्या दोन आडव्या रिपांवर उभ्या रिपांच्या जोड्या बसवाव्या. जोडींतील दोन रिपांमधील फट टायरच्या जाडीपेक्षां अर्ध्या इंचानें अधिक ठेवावी. साध्या सायकलीस २ इंच पुरतात; जाड टायरांच्या नव्या सायकलींस अडीच इंच लागतात. फट डोळ्यांनीं अजमावूं नये. ठरलेल्या जाडीचा लांकडाचा एक तुकडा कापून घ्यावा व तो मध्यें धरून दुसरी रीप ठोकावी, म्हणजे सर्व फटी सारख्या येतात. खिळ्यांपेक्षां स्क्रू बरे. ओढाताणींत खिळे हळूहळू सैल होतात. गिरमिटानें आधीं भोंक पाडल्याशिवाय स्क्रू पिळूं नये, नाहीं तर जुनी रीप टोंकाला हमखास चिरते. सांगाडा भिंतीला किंवा जमिनींतील खांबांना पक्का जखडावा. सैल ठेवला तर पांच सायकलींचा क्विंटलभर बोजा त्यालाच घेऊन आडवा होईल.

खांचा झाल्यावर सर्व सायकलींचीं तोंडें एकीकडे ठेवावयाचीं असतील, तर हँडलें चुकविण्याची दुसरी एक युक्ति आहे. एकाआड एक खांचेच्या तळाशीं विटांचे तीन थर रचून वर फळीचा तुकडा ठोकावा. पुढचें चाक नऊ इंच वर चढलें कीं हँडल सहा-सात इंच वर जातें आणि जवळजवळ तितकेंच मागें सरकतें. शेजारच्या हँडलाशीं त्याची गांठच पडत नाहीं. उंच जागा मोठ्यांच्या, सखल जागा लहानांच्या, असा नियम ठेवावा. सायकल चढवितांना फक्त पुढचें चाक उचलावें लागतें, तेव्हां अर्ध्याहूनहि कमी वजन हातांवर येतें. सातवी-आठवीच्या मुलीस तें जड जात नाहीं.

ज्यांना रिपाहि महाग वाटत असतील त्यांनीं बांबू वापरावा. कोंकणांतल्या वाचकांस आम्ही हें शिकवावें अशी आमची योग्यता नाहीं. तेथें माणग्याच्या काठ्यांनीं आख्खे मांडव उभे राहतात. दोन आडव्या बांबूंना उभ्या काठ्यांच्या जोड्या बांधणीच्या तारेनें आवळून बांधल्या म्हणजे खांच तयार. बांबूंत खिळा मारूं नये. तो उभा फुटतो. जो भाग जमिनींत जावयाचा त्याला वाळवी लागते, म्हणून बांबू मातींत पुरण्याऐवजीं दगडावर टेकवून वर वाशाला बांधावा. शहरांतील पालकांस आणखी एक फुकटाचें साधन उपलब्ध असतें. कारखान्यांतून माल ज्यावर रचून येतो ती लांकडी चौकट, जिला पॅलेट म्हणतात, ती पुष्कळदां रद्दीच्या भावानें मिळते. ती भिंतीला उभी करून पक्की बांधली कीं तिच्या फळ्यांमधील फटी म्हणजे आयत्या खांचाच. फळ्या उभ्या येतील अशी ती ठेवावी; खालची आडवी पट्टी चाकाच्या आड येत असेल तर तेवढी कापून काढावी. तेलकट डाग असलेली किंवा उग्र वासाची चौकट मात्र घरांत आणूं नये.

जमीनच थोडी असेल तर भिंतीचा आश्रय करावा लागतो. पुढचें चाक वर, मागचें खालीं, अशी सायकल आंकड्याला टांगली म्हणजे ती जमिनीची फारच थोडी लांबी अडविते. भिंतीपासून पुढें मात्र सुमारें साडेतीन फूट येते. आंकडे १८-१८ इंचांवर घ्यावे, आणि एक आंकडा साडेसहा फुटांवर तर शेजारचा त्याहून आठ-नऊ इंच खालीं किंवा वर, म्हणजे येथेंहि हँडलें चुकतात. चाकावर टांगल्यानें चाक वांकतें असें पुष्कळ लोक म्हणतात. तीं चाकें दररोज साठ-सत्तर किलोंचा माणूस घेऊन खड्ड्यांतून धांवत असतात. त्यांतलें एक वीस किलोंची रिकामी सायकल सहज पेलतें. आंकड्याला जुन्या ट्यूबचा तुकडा चढवावा, म्हणजे रिम घासत नाहीं.

खरी काळजी आंकडा कोठें बसवावा याची आहे. पत्र्याला तर कधींच टांगूं नये. लांकडी वासा किंवा तुळई असेल तर तींत आटे असलेला आंकडा पिळावा; वाळवीनें पोखरलेला वासा वरून धड दिसतो, म्हणून आधीं खिळ्यानें टोंचून पाहावा. विटांच्या भिंतींत भोंक पाडून गट्टी बसवून स्क्रू घ्यावा; गिलाव्यांत नव्हे, विटेंत. मातीच्या भिंतींत कोणताहि स्क्रू टिकत नाहीं. अशा घरांनीं टांगण्याचा विचार सोडून खांचांवर समाधान मानावें हेंच शहाणपण. आंकडा बसविल्यावर सायकल टांगण्यापूर्वीं एका मोठ्या माणसानें त्याला दोन्ही हातांनीं लोंबकळून पाहावें. लहान मुलांनीं वीस किलोंची सायकल डोक्यावर उचलण्याचें धाडस करूं नये, आणि बॅटरीवर चालणारी जड सायकल तर कोणीच टांगूं नये.

कप्पीविषयीं विद्यार्थी आम्हांस नेहमीं विचारतात, म्हणून चार शब्द. वाशाला एकच कप्पी बांधून दोर ओढला, तर वीस किलोंच्या सायकलीस वीस किलोंचाच जोर लागतो. घर्षणामुळें थोडा अधिकच. स्थिर कप्पी फक्त जोराची दिशा बदलते. दुसरी कप्पी सायकलीबरोबर वर-खालीं सरकेल अशी घेतली कीं भार दोराच्या दोन पदरांवर विभागला जातो व दहा किलोंच्या आसपास जोर पुरतो. पण सायकल ५ फूट वर न्यावयाची तर दोर १० फूट ओढावा लागतो. जोरांत मिळविलेलें अंतरांत द्यावें लागतें, हें पुस्तकांतलें वाक्य येथें हातांना कळतें. दोर काथ्याचा नको, नायलॉनचा घ्यावा. काथ्या ओलाव्यानें आंतून कुजतो व वरून कळत नाहीं. त्याचें टोंक भिंतींतील लोखंडी कडीला दोन फेरे देऊन गांठीनें बांधावें, आणि वर-खालीं करतांना त्याखालीं कोणी उभें राहूं नये. हें सर्व खरें असलें तरी रोजच्या सायकलीस कप्पी म्हणजे निव्वळ हौस आहे. दोन दिवसांत मुलें कंटाळतात व सायकल पुन्हां भिंतीला टेकते. तिचा उपयोग एकाच सायकलीस, जी थोरल्या बहिणीला अपुरी पडूं लागली आणि धाकट्या भावाच्या पायांना अजून पुरत नाहीं.

जागेचा प्रश्न सुटला तरी पावसाचा राहतोच. लोखंड गंजण्यास पाणी व प्राणवायु या दोहोंची गरज असते. शाळेच्या प्रयोगशाळेंत तीन नळ्यांत खिळे ठेवून हें दाखवितात: एकींत साधें पाणी, दुसरींत उकळून हवा घालविलेलें पाणी व वर तेलाचा थर, तिसरींत पाणी शोषणारें कॅल्शियम क्लोराइड घालून कोरडी केलेली हवा. कांहीं दिवसांनीं पाहावें तों गंज पहिल्याच नळींत. पडवींतील सायकलीपासून प्राणवायु दूर ठेवतां येत नाहीं. म्हणून पाणी दूर ठेवावयाचें. रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, आणि समुद्रावरील वाऱ्यांतला खार त्यांत भर घालतो; तेथल्या सायकलीची निगा देशावरच्या सायकलीच्या दुप्पट राखावी लागते.

पाणी वरून येतें त्याहून खालून व बाजूनें अधिक येतें. वळचणीचें पाणी जमिनीवर आपटून त्याचे शिंतोडे फूट-दीड फूट उडतात, आणि नेमकी तेवढ्याच उंचीवर चेन असते. म्हणून वळचणीच्या रेषेपासून चाकें निदान हातभर आंत असावीं, किंवा तेवढ्या उंचीचा तट्ट्या बांधावा. ओल्या जमिनीवर चाकांखालीं एक फळी टाकावी. सायकल प्लॅस्टिकच्या कागदांत गच्च गुंडाळणें हा तर मोठाच गैरसमज आहे. आंत अडकलेली दमट हवा रात्रीं थंड होते, तिचें पाणी लोखंडावर जमतें, व बाहेर पाऊस नसतांना आंत सायकल भिजते. त्यापेक्षां जुनें धोतर किंवा लुगडें वरून टाकावें. धूळ अडते व वारा खेळतो. पावसांतून घरीं आल्यावर कोरड्या फडक्यानें चेन, रिम व हँडल पुसण्यास तीन मिनिटें लागतात. चेनला शिवणयंत्राचें तेल थेंब थेंब सोडून वरचें पुसून टाकावें. खोबरेल वापरूं नये. सुमारें २४ अंशांखालीं तें गोठतें, आणि धूळ बसून त्याचें चिकट किटण होतें. टायरांवर मात्र कोणतेंहि तेल सांडूं देऊं नये, रबर त्यानें फुगतें व खराब होतें.

मे महिन्याच्या सुटींत वसतिगृहांतील सायकली दीड महिना तशाच उभ्या राहतात, त्यांविषयीं आमची विद्यार्थ्यांस विनंति आहे कीं जातांना त्यांनीं हवा भरून ठेवावी. हवा हळूहळू कमी होतेच. मग रिम व जमीन यांमध्यें टायर चेपून एकाच जागीं त्याला चिरा पडतात. चाकें जमिनीपासून उचललेलीं असतील तर उत्तम. टायरांवर दुपारचें ऊन पडूं देऊं नये, आणि ठिणग्या उडणाऱ्या विजेच्या मोटारीशेजारीं सायकल ठेवूं नये. तिच्या ठिणग्यांतून ओझोन निर्माण होतो व तो रबराला चिरा पाडतो. हँडलाच्या मुठी निघालेल्या असतील तर नळीच्या तोंडांत कापडाचा बोळा घालावा, नाहीं तर कुंभारीण माशी तेथें मातीचें घर बांधून ठेवते. कुलुपासाठीं भिंतींत एक लोखंडी कडी पुरावी व सांखळी केवळ चाकांतून न ओवतां सायकलीच्या दांड्यांतून ओवावी. चाक काढून उरलेली सायकल नेणारे चोर आम्हीं पाहिले नाहींत, परंतु भिंतीशीं उरलेलें एकटें चाक एकदां पाहिलें आहे.

रिपांचें काम उन्हाळ्यांत करणारांस एक सूचना. पावसाळ्यांत लांकूड फुगतें, आणि मे महिन्यांत बरोबर बसलेली खांच जुलैंत चाक सोडीनाशी होते; म्हणून सांगितलेल्या मापाहून फट एक सूतभर अधिक ठेवावी. आम्हांस हें उशिरां कळलें. आमच्या पडवींतील दोन खांचा पहिल्याच पावसांत आवळल्या, तेव्हां मुलीनेंच शेजारच्या सुतारकाकांकडून पटाशी आणून त्या दोन्ही तासून काढल्या. हल्लीं तिची सायकल दाराजवळच्या पहिल्या जागेंत असते. ती जागा कोणाची यावर घरांत थोडा वाद झाला होता; परंतु पटाशी तिच्या हातांत असल्यामुळें तो फार वेळ चालला नाहीं.